झाकणावर बाई किंवा कुत्रा असलेला काचेचा जुना पावडरचा डबा: कंपनी कशी ओळखायची?

आधी डबा उलटा करा आणि तळ तिरक्या उजेडात बघा, कारण ठसा पुसट असतो. ‘मेड इन यूएसए’ आणि साच्याचा नंबर दिसला, काच दुधाळ अपारदर्शक आहे आणि झाकणावर घेरदार झग्यातली बाई किंवा स्कॉटी कुत्रा बसलाय तर पहिलं नाव अ‍ॅक्रो अ‍ॅगेट, अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गची कंपनी, मूळची गोट्या बनवणारी, १९५१ला बंद पडली. पण थांबा, बाईवाल्या डब्याच्या नकला खूप निघाल्यात, म्हणून चेहरा आणि झग्याच्या चुण्या किती रेखीव आहेत ते बघाच.

गुलाबी किंवा केशरी चमकीची पारदर्शक काच, वर हत्ती किंवा पूडल कुत्रा? मग पेनसिल्व्हेनियाची जेनेट ग्लास तपासा. वॉल्थर आणि ब्रॉकविट्झ या जर्मन कंपन्यांच्या मालावर बऱ्याचदा ठसाच नसतो, तिथे १९३०च्या दशकातल्या कंपनीच्या कॅटलॉगमधलं चित्र आणि मापं जुळवणं हाच खरा भरवशाचा मार्ग.

यूव्ही (अतिनील) टॉर्चखाली झगझगीत हिरवं चमकलं म्हणजे काचेत बहुधा युरेनियम, कंपनी त्यावरून ठरत नाही हं! आणि झाकण-डबा एकमेकांचेच आहेत ना हेही बघा, अदलाबदल फार होते.