संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी : मुखकर्करोगाच्या वैद्यकीय चाचणीचे माहितीपत्रक कसे वाचावे

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाचे निदान होऊन उपचारांची आखणी सुरू झाली, की मोठ्या रुग्णालयांत अनेकदा डॉक्टर एखाद्या संशोधनात, म्हणजे उपचारांची तुलना करून पाहणाऱ्या वैद्यकीय चाचणीत, सहभागी होण्याविषयी विचारतात आणि दहा-पंधरा पानांचे माहितीपत्रक रुग्णाच्या किंवा सोबतच्या नातेवाइकाच्या हाती देतात. बाहेर गर्दी ताटकळलेली असते, रक्ततपासणीचा नंबर लागायचा असतो, आणि पत्रकाचे शेवटचे पान उलटून सहीची जागा शोधली जाते. एका रुग्णालयाच्या नीतिशास्त्र समितीवर, म्हणजे संशोधनात रुग्णांचे हित जपले जाते का हे तपासणाऱ्या समितीवर, वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा सदस्य म्हणून, असे मसुदे वाचण्याचे काम मी करतो. त्या अनुभवावरून माझे स्पष्ट मत असे आहे की हे पत्रक पहिल्या पानापासून वाचूच नये.

सर्वांत आधी एका प्रश्नाचे उत्तर शोधावे : मी चाचणीत गेलो नाही, तर मला कोणता उपचार मिळेल? बहुतेक मोठ्या चाचण्यांत रुग्णांचे दोन गट केले जातात. एका गटाला नवा उपचार मिळतो, दुसऱ्याला सध्याचा रूढ उपचार, आणि कोण कोणत्या गटात जाणार हे संगणकाने चिठ्ठी टाकावी तसे ठरते. डॉक्टरांनाही ते निवडता येत नाही. मराठी पत्रकांत हा भाग नेमका अगम्य असतो. एका मसुद्यात इंग्रजीतील ‘आर्म’चे, म्हणजे चाचणीतील गटाचे, भाषांतर ‘भुजा’ असे केले होते, आणि ‘यादृच्छिकीकरणानंतर आपणास भुजा अ किंवा भुजा ब मध्ये ठेवण्यात येईल’ हे वाक्य वाचून रुग्णाला आपल्या हाताचे काही करणार आहेत असे वाटले असते, तर त्याला दोष देता आला नसता. असे वाक्य आढळले की डॉक्टरांना किंवा संशोधन समन्वयकाला ते साध्या मराठीत सांगायला लावावे, आणि मग आपण काय समजलो ते त्यांनाच परत सांगून पाहावे.

रूढ उपचाराच्या गटात चिठ्ठी निघाली म्हणजे नुकसान झाले, असे समजू नये. कोणता गट सरस हे आधी माहीत नसते, म्हणून तर चाचणी असते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 2004 ते 2014 या काळात झालेली चाचणी याचे चांगले उदाहरण आहे. तोंडातील गाठ लहान आहे आणि मानेत काही लागत नाही, अशा रुग्णाच्या मानेतील लसिका ग्रंथी (लिम्फ नोड, जिथे आजार पसरू शकतो) तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच काढाव्यात, की मानेत गाठ दिसेपर्यंत थांबावे, यावर शल्यविशारदांत अनेक वर्षे मतभेद होते आणि दोन्ही पद्धती चालू होत्या. 500 रुग्णांच्या विश्लेषणात तीन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण आधीच ग्रंथी काढलेल्या गटात 80 टक्के, तर थांबलेल्या गटात 67.5 टक्के आढळले. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाआधी ही बाब कोणालाही खात्रीने सांगता आली नसती.

नवे ते भारी आणि महाग ते गुणकारी, हा समजही बाजूला ठेवावा. याच रुग्णालयाच्या दुसऱ्या एका चाचणीत, आजार उलटलेल्या किंवा फार पुढे गेलेल्या रुग्णांना तोंडावाटे घ्यायच्या औषधांबरोबर निव्होल्युमॅब हे प्रतिकारशक्तीवर काम करणारे महागडे औषध तीन आठवड्यांतून एकदा केवळ 20 मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या एक-दशांशाहूनही कमी, देण्यात आले. एक वर्षानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण फक्त तोंडावाटेची औषधे घेणाऱ्या गटात 16.3 टक्के, तर निव्होल्युमॅबही मिळालेल्या गटात 43.4 टक्के होते. तेव्हा ‘कमी डोस’ हे शब्द दिसले म्हणून पत्रक परत करण्याचे कारण नाही. डोस कमी का ठेवला आहे, हे मात्र विचारावे.

त्यानंतर वेळापत्रकाचे पान काढावे आणि पेन्सिल घेऊन त्यावर आपल्या घरचा हिशेब मांडावा. डोके-मानेच्या कर्करोगात किरणोपचार, म्हणजे रुग्णांच्या बोलीतला ‘शेक’ किंवा ‘लाइट’, आठवड्यातून पाच दिवस आणि सहा ते सात आठवडे चालतो. त्याबरोबर सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध द्यायचे असेल तर ते दर आठवड्याला आहे की दर तीन आठवड्यांनी, याने मुक्काम, सोबतीला थांबणारा माणूस आणि बुडणारा रोज हे सगळे बदलते. टाटा रुग्णालयातील 300 रुग्णांच्या चाचणीत दर तीन आठवड्यांनी 100 मिलिग्रॅम आणि दर आठवड्याला 30 मिलिग्रॅम (शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला) यांची तुलना झाली, तेव्हा दोन वर्षांनी मूळ जागी आणि मानेत आजार आटोक्यात राहिल्याचे प्रमाण अनुक्रमे 73.1 आणि 58.5 टक्के होते. मात्र तीव्र दुष्परिणामही तीन आठवड्यांच्या गटातच अधिक होते, 84.6 टक्के विरुद्ध 71.6 टक्के. अशी देवाणघेवाण प्रत्येक चाचणीत असते. म्हणून दुष्परिणामांच्या यादीत मळमळ-उलटीवर न थांबता पुढील गोष्टी शोधाव्यात : ऐकू कमी येणे, मूत्रपिंडावर ताण, तोंड कायमचे कोरडे पडणे, जबडा पुरेसा न उघडणे आणि नाकातून नळीने अन्न घ्यावे लागणे. आधीच तंबाखू-सुपारीमुळे ज्यांच्या तोंडात दोन बोटेही जात नाहीत, त्यांनी जबड्याचा प्रश्न आवर्जून काढावा.

पैशांबाबत ‘उपचार मोफत’ एवढ्यावर समाधान मानू नये. चाचणीसाठी लागणारे जादा स्कॅन, नेहमीच्या तपासण्या, प्रवासभाडे आणि चाचणी संपल्यावर औषध चालू ठेवण्याचा खर्च कोणाकडे, हे चार प्रश्न वेगवेगळे विचारावेत. नव्या औषधांच्या चाचण्यांना 2019 चे केंद्रीय नियम लागू आहेत; चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई यांची तरतूद त्यांत आहे, आणि त्याचा उल्लेख पत्रकात असायलाच हवा.

पत्रकावर सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) हा नोंदणी क्रमांक शोधावा. त्यात वर्ष, महिना आणि शेवटी सहा आकडे असतात. देशातील चाचण्यांच्या या सार्वजनिक नोंदवहीत तो क्रमांक घातला, की चाचणी कोण करत आहे, पैसे कोणाचे आहेत आणि कोणते रुग्ण घेतले जातात हे कोणालाही फुकट पाहता येते. नीतिशास्त्र समितीचा दूरध्वनी क्रमांकही पत्रकात असतो आणि तो शोभेसाठी नसतो. डॉक्टरांना विचारायला संकोच वाटेल असा प्रश्न तेथे विचारता येतो.

सही त्याच दिवशी करण्याचे बंधन नाही. पत्रक घरी न्यावे आणि चार ओळी वाचणाऱ्या कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावे. रुग्णाला वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेला निःपक्षपाती साक्षीदार समोर असावा लागतो, आणि अंगठा त्यानंतरच उठवावा. सही झाल्यावर पत्रकाची एक प्रत मागून घेऊन ती फाइलमध्ये अगदी वर, डिस्चार्ज कार्डाच्याही वर ठेवावी, कारण रात्री-बेरात्री त्रास झाला आणि गावच्या दवाखान्यात जावे लागले, तर रुग्णाला कोणते औषध चालू आहे हे तेथील डॉक्टरांना त्या कागदावरूनच कळेल. मधेच चाचणी सोडावीशी वाटली तर कारण न देताही सोडता येते, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. फक्त औषध मनाने बंद करून घरी बसू नये, सोडताना रुग्णालयाला तसे कळवून पुढची तपासणीची तारीख घ्यावी.