अँटिगनी बसवताय? कोरस आणि दूत कापू नका

सोफोक्लीसचं अँटिगनी हे प्राचीन ग्रीक नाटक करायला घेतलं की पहिली कात्री कोरसवर, म्हणजे एकत्र गाणाऱ्या-बोलणाऱ्या समूहावर चालते आणि दुसरी दूताच्या लांबलचक भाषणावर, लोक कंटाळतील म्हणून. माझं कळकळीचं सांगणं आहे, कोरसच्या गाण्यांतले जुन्या दंतकथांचे दाखले हवे तर कमी करा पण हे दोन्ही ठेवाच, नाटकाचा जीव तिथेच आहे.

इ.स.पू. 441च्या आसपास अथेन्समध्ये हे उघड्यावर, हजारो लोकांसमोर झालं तेव्हा मुखवटे घातलेले तीनच नट सगळ्या भूमिका करायचे आणि कोरस 15 जणांचा. तुम्हाला पाच-सहा पुरतात. फक्त त्यांना एका सुरात पाठांतर म्हणायला लावू नका, ते थीब्ज शहराचे म्हातारे मानकरी आहेत, राजा क्रेऑनच्याच राज्यात त्यांना राहायचंय, त्यामुळे ओळी वाटून द्या, एक जण राजाच्या डोळ्यात बघून बोलेल, दुसरा मान खाली घालेल. राजाची बंदी मोडून भावाला मूठमाती दिली म्हणून अँटिगनीला पकडून आणतात तेव्हा तिच्याकडे कोण बघतं नि कोण नजर चुकवतं ते तालमीतच पक्कं करा, कारण आधी राजाची री ओढणारे हेच लोक आंधळा भविष्यवेत्ता टायरिसिअस येऊन गेल्यावर राजाला, अँटिगनीला सोड म्हणून सांगतात आणि तो बदल प्रेक्षकाला हळूहळू दिसायला हवा.

आता दूत. सगळी मरणं विंगेत होतात. राजाने कोंडलेल्या गुहेत अँटिगनी फासाला लटकलेली, तिचा होणारा नवरा हेमन तिच्या कमरेला मिठी मारून रडतोय, त्याचा बाप क्रेऑन आत येतो तर हा त्याच्या तोंडावर थुंकतो, तलवार उपसतो, वार हुकतो आणि मग तीच स्वतःच्या कुशीत खुपसतो. हे मागे स्क्रीनवर दाखवायचा मोह होतो, प्लीज नका दाखवू! दूत रडणाराही नको, त्याने डोळ्यांनी पाहिलेलं क्रमाने सांगावं, बस. लाइट मात्र युरिडिसीवर ठेवा, हेमनची आई, ती तिथेच उभी राहून सगळं ऐकते आणि एक शब्द न बोलता आत निघून जाते. त्या एक्झिटला म्युझिक अजिबात नको, पावलं ऐकू आली पाहिजेत, आणि ती गेल्यावर कोरसने लगेच बोलायची घाई करू नये.

कपडे आजचे साधे चालतील, पांढऱ्या चादरी गुंडाळू नका. आणि मध्यंतर घेऊ नका, दीडेक तासाचं नाटक आहे, सलग करा.