क्ले टार्गेट फेकणारे यंत्र निवडताना आणि मांडताना

नेमबाजीच्या सरावात यंत्राने हवेत फेकून बंदुकीने टिपायची ‘क्ले’ चकती नावापुरतीच मातीची असते; प्रत्यक्षात ती चुनखडीची भुकटी आणि पिच (डांबरासारखा पदार्थ) यांपासून बनवलेली, सुमारे ११० मिलिमीटर व्यासाची आणि जेमतेम १०५ ग्रॅम वजनाची असल्याने कडेला बारीक तडा गेलेली चकती यंत्रातून सुटतानाच फुटते.

अधूनमधून सराव करणाऱ्यांना हाताने ताण देण्याचे स्प्रिंगचे यंत्र पुरेसे आहे, असे माझे मत आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे स्वयंचलित यंत्र सोयीचे खरे, पण ते वजनदार असते आणि सतत देखभाल मागते. कोणतेही यंत्र सपाट जमिनीवर खुंट्या ठोकून घट्ट बसवावे, नाहीतर प्रत्येक फेकीच्या धक्क्याने ते किंचित सरकते आणि चकतीची दिशा बदलत जाते.

खरा धोका फेकणाऱ्या दांड्याचा आहे. ताणलेला दांडा हाड मोडू शकतो. म्हणून त्याच्या फिरण्याच्या कक्षेत कोणीही उभे राहू नये आणि कोन बदलण्यापूर्वी चकती न ठेवता दांडा सोडून स्प्रिंगचा ताण उतरवावा. बॅटरीच्या यंत्रात आधी वीज तोडावी, मग दांडा मोकळा करावा.

बारीक छरेही दूरवर जात असल्यामुळे गोळीबाराच्या दिशेला किमान २७५ मीटर निर्मनुष्य मोकळी जागा असावी. घरामागचे सर्वसाधारण अंगण त्यासाठी अपुरेच पडते. परवाना व स्थानिक नियम आधीच तपासावेत. यंत्र चालवणाऱ्यालाही डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षण हवेच, कारण चकतीचे तुकडे मागेही उडतात.