दावा चालू असताना समोरच्याने जमीन विकली तर काय करावे?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरला भावाभावांत वाटणीचा दावा चालू आहे आणि एकाने मधल्यामध्ये रस्त्यालगतचं शेत विकून टाकलं. किंवा निपाणीत हातउसने पैसे घेतलेल्याने वकिलाची नोटीस मिळताच घर बायकोच्या नावे बक्षीसपत्र करून दिलं. दोन्हीकडे आपण ‘फसवलं’ म्हणतो, पण कायद्याच्या वाटा वेगळ्या आहेत. म्हणून आधी एवढंच ठरवा: दावा त्या मालमत्तेवरच्या हक्काचा आहे की नुसत्या पैशांचा?

हक्काचा दावा असेल तर

इथे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२ कामाला येतं. दस्त नोंदला म्हणजे सगळं संपलं, असं समजून हातपाय गाळू नका. ती खरेदी आपोआप रद्द होत नाही, पण घेणारा विकणाऱ्याच्या जागी उभा राहतो आणि निकाल त्यालाही बांधतो. ‘मला दाव्याची कल्पनाच नव्हती’ ही सबब चालत नाही. दावा दाखल झाल्यापासून (समन्स बजावल्यापासून नव्हे) हुकूमनाम्याची पूर्ण अंमलबजावणी होईपर्यंत हे लागू असतं. प्रकरण अपिलात कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढे असलं तरी. फक्त दावा संगनमताचा नसावा.

दावा अर्जात सर्वे नंबर, हिस्सा आणि चतुःसीमा बिनचूक आहेत ना, हे पाहून घ्या. कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून ईसी (बोजा प्रमाणपत्र, म्हणजे मालमत्तेवर नोंदलेल्या दस्तांची यादी) काढा, नव्या दस्ताची नक्कल मिळवा आणि पुढची विक्री थांबवायला मनाई हुकूम मागा. घेणाऱ्याला दाव्यात सामील करणं सक्तीचं नाही, तरी करावं; अंमलबजावणीच्या वेळी कटकट कमी होते. उताऱ्यावर त्याचं नाव चढू नये म्हणून तहसीलदारांकडे लेखी हरकतही द्या.

पैशांचा दावा असेल तर

साध्या वसुलीच्या दाव्याला कलम ५२ लागत नाही. लोक दावा टाकून निर्धास्त बसतात आणि निकाल हातात येईतो देणेकऱ्याच्या नावावर गुंठाभरही उरत नाही. विकण्याच्या हालचाली दिसताच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३८, नियम ५ खाली निकालापूर्वीची जप्ती मागा. ‘विकेल अशी भीती वाटते’ एवढ्याने भागत नाही. संचकारपत्र (इसाराचा करार), एजंटाशी झालेली बोलणी, साक्षीदार असं काही ठोस हवं.

हस्तांतर होऊन गेलं असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचंच कलम ५३. घेणेकऱ्यांना बुडवायच्या किंवा लटकवायच्या हेतूने केलेलं हस्तांतर त्यांना रद्द करून घेता येतं; मात्र दावा सगळ्या घेणेकऱ्यांच्या वतीने लावावा लागतो. हेतू तुम्हीच सिद्ध करायचा, आणि प्रामाणिकपणे मोबदला देऊन घेतलेला खरेदीदार यातून सुटतो. हेतू कोणी लिहून ठेवत नाही, तो तारखा आणि व्यवहार जुळवून दाखवावा लागतो. नोटीस कधी मिळाली, दस्त कधी झाला? घेणारा नात्यातला आहे का? किंमत बाजारभावाच्या किती खाली? पैसे बँकेतून गेले का? विकल्यावरही जुना मालकच राहतोय आणि घरपट्टी भरतोय का? माझ्या मते बक्षीसपत्र मोडणं खरेदीखतापेक्षा सोपं, कारण तिथे मोबदलाच नसतो. मात्र दुसऱ्या कुणाचं कर्ज आधी फेडलं, एवढ्यावरून फसवणूक ठरत नाही.

तुम्हीच जमीन घेणार असाल तर

ईसी कोरी निघाली म्हणजे जमीन स्वच्छ, हा समज महागात पडतो. ईसीत नोंदलेले दस्त दिसतात, कोर्टातला दावा दिसेलच असं नाही. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर विकणारा, त्याचे भाऊ-बहिणी, वडील यांच्या नावांनी शोध घ्या. आपली मराठी नावं कन्नडमधून इंग्रजीत जाताना स्पेलिंग बदलतं, तेव्हा दोन-तीन प्रकारे लिहून पाहा. आरटीसी उतारा (इथला सातबारा) कन्नडमध्ये असतो; तो जाणकाराकडून वाचून घ्या, विशेषतः ‘इतर हक्क आणि बोजे’ हा रकाना. १९५६ पूर्वीचे, म्हणजे हा भाग मुंबई राज्यात असतानाचे कागद मराठीत, काही मोडीत सापडतात, तेही सोडू नका. बहिणींचे हिस्से तिथेच दडलेले असतात. जाहीर नोटीस मराठी आणि कन्नड अशा दोन्ही दैनिकांत द्या.

दावा निघालाच आणि तरी ती जमीन हवीच असेल, तर विकणाऱ्याला त्याच कोर्टाची परवानगी आणायला लावा. कलम ५२ मध्येच ती सोय आहे. तोवर संचकारही देऊ नका.