चढावर इंजिन तापतं, हीटर मात्र गार: माझा अनुभव

मदतनिधीच्या रॅलीसाठी स्वस्तात घेतलेली जुनी गाडी. सपाटीवर तापमानाचा काटा मध्यावर. चढ लागला की लाल रेघेकडे, आणि नेमकी तेव्हाच हीटरमधून गार हवा. थर्मोस्टॅट (तापल्यावर उघडणारी झडप) बदलला, रेडिएटर धुतला, पंखा थेट जोडून पाहिला. डोकं इंजिनापेक्षा जास्त तापलं.

खरी खूण हीटरचीच होती: कूलंटमध्ये (इंजिनाची उष्णता वाहून नेणाऱ्या आणि हीटरलाही गरम करणाऱ्या द्रवात) हवा अडकली होती.

इंजिन पूर्ण थंड असताना (गरम असताना झाकण उघडाल तर भाजाल) गाडी तोंड वर करून चढावर लावली, चाकांमागे दगड ठेवले. हीटर पूर्ण गरमवर. रेडिएटरचं झाकण काढून हीटरच्या पाइपवरचा ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा बाहेर सोडणारा) सैल केला. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, बारीक धारेनं ओतलं. स्क्रूतून बुडबुडे थांबून सलग धार आल्यावर तो कसला. झाकण उघडंच ठेवून इंजिन आयडलवर चालू केलं. रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला समजायचं; तेव्हा पातळी उतरते, ती भरत राहायची. पंखा सुरू होऊन बंद झाला, हीटर गरम हवा देऊ लागला, मग झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पुन्हा थोडं भरलं.

आता पूर्ण सामानासह चढावर काटा हलत नाही. बुडबुडे थांबतच नसतील तर मात्र हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं सील) तपासून घ्या.