झाकायच्या आधी बघा: घरकामाचा कॉन्ट्रॅक्टर आणि गाडीचा मेकॅनिक कसा निवडायचा

नेरूळला सिडकोच्या जुन्या बिल्डिंगमध्ये आमचं घर आहे आणि बाथरूमचं काम मी दोनदा करून घेतलंय. पहिल्यांदा आलेला कॉन्ट्रॅक्टर बोलायला इतका गोड की काम सुरू व्हायच्या आधीच मी जवळजवळ सत्तर टक्के पैसे देऊन बसलो, आठवड्याभरात टाइल्स लागल्या, दिसायला एकदम चकाचक, आणि जुलैमध्ये खालच्या काकूंच्या छतातून टपटप सुरू झालं. कॉन्ट्रॅक्टर फोन उचलेना. काकू भांडल्या नाहीत, त्यांनी फक्त बाथरूममध्ये बादली लावल्याचा फोटो पाठवला, ते मला अजून लागून राहिलंय.

नवी लादी फोडली तेव्हा कळलं, खाली वॉटरप्रूफिंगच्या नावाखाली नुसता सिमेंटचा हात फिरवलेला. तेव्हापासून एक गोष्ट मी सगळ्यांना सांगतो. बाथरूम असो, वायरिंग असो की गाडीचं इंजिन, फसवाफसवी होते ती जो भाग नंतर झाकला जातो तिथेच. त्यामुळे झाकायच्या आधी आपण बघायचं, आणि पैशाचा पुढचा हप्ता बघितल्यावरच द्यायचा.

आधी माणूस शोधण्याबद्दल. "चांगला आहे का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "काम झाल्यावर काही प्रॉब्लेम आला तेव्हा परत आला का?" असं विचारा. आणि त्याने गेल्या महिन्यात केलेलं काम बघू नका, ते सुंदरच दिसणार, निदान एक पावसाळा खाल्लेलं काम दाखव म्हणा, आणि जमलं तर त्याच्या खालच्या मजल्यावाल्यांशी बोला. वॉचमनने किंवा टाइल्सच्या दुकानदाराने नाव सुचवलं तर त्यात कमिशन असू शकतं हे धरून चाला, माणूस वाईटच असेल असं नाही, पण चौकशी आपली आपण करायची.

कोटेशन एका आकड्यात घेऊ नका. "बाथरूम पूर्ण, अमुक रुपये" याला काही अर्थ नाही. तोडफोड, डेब्रिज खाली नेऊन टाकणं, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, लादी, सगळं वेगळं लिहून मागा, कुठल्या कंपनीचं मटेरियल ते पण लिहा. कागदावर सही करायला लोक कचरतात, मग व्हॉट्सॲपवर पाठवा आणि त्याचा "ओके" घ्या, तेवढंही खूप कामाला येतं. पेंटिंगचा रेट स्क्वेअर फुटावर असेल तर टेप घेऊन स्वतः मोजा. १० बाय १२ ची खोली, उंची ९ फूट, तर चार भिंती ३९६ आणि सीलिंग १२० मिळून ५१६ स्क्वेअर फूट होतात, त्यातून ७ बाय ३ चा दरवाजा आणि ४ बाय ५ ची खिडकी वजा केली की ४७५ उरतात. वजावट धरायची की नाही आणि पुट्टीचे हात किती, कलरचे किती, हे आधीच ठरवा. जीएसटी लावत असेल तर नंबर मागा, तो १५ अक्षरी असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं.

तीन कोटेशनमध्ये एक फारच स्वस्त असेल तर त्याला घाबरा. आणि कृपा करून घासाघीस करून कोणाला मजुरीही सुटणार नाही इतकं खाली आणू नका, तो पैसा मटेरियलमधूनच काढला जातो. अजून एक, कॉन्ट्रॅक्टर मिस्त्रीचे पैसे वेळेवर देतो का ते मिस्त्रीलाच चहा पिताना विचारा, कारण तिथे थकलं की मिस्त्री दुसऱ्या साइटवर निघून जातो आणि आपलं बाथरूम उघडं पडून राहतं.

दुसऱ्या वेळी जो मिस्त्री मिळाला त्याने स्वतःच सांगितलं, "साहेब, लादी लावायच्या आधी पाणी भरून ठेवू." वॉटरप्रूफिंगचा थर सुकल्यावर त्याने ट्रॅपचं, म्हणजे पाणी वाहून जायच्या जाळीखालच्या भोकाचं, तोंड बंद केलं, पाणी भरलं आणि भिंतीवर पाण्याच्या लेव्हलला पेन्सिलने रेघ मारली. ४८ तास ठेवलं. मी सकाळ-संध्याकाळ रेघ बघायचो आणि खाली जाऊन काकूंच्या छताला हात लावून यायचो. पाणी थोडंसं उडून जातं ते चालतं, पण लेव्हल चांगली उतरली किंवा खाली ओल आली तर लादी लावू द्यायची नाही, कोणी कितीही घाई करू दे. पाइप भिंतीत गाडायच्या आधी त्यालाही पंपाने प्रेशर देऊन बघायला लावा.

हप्ते मी असे पाडले: सुरुवातीला १५ टक्के, तोडफोड आणि प्लंबिंग झाल्यावर थोडे, पाण्याची टेस्ट पास झाल्यावर मोठा हप्ता, आणि शेवटचे १० टक्के पैसे काम संपल्यावरही महिनाभर हातात ठेवले. मिस्त्रीने लगेच मान्य केलं. जो माणूस टेस्टलाच नाही म्हणतो त्याला काम देऊ नका.

वायरिंगचंही तेच. लाइटला १.५, सोळा ॲम्पिअरच्या सॉकेटला २.५ आणि गिझर-एसीला ४ स्क्वेअर एमएम अशी वायरची साइझ साधारण धरतात. साइझ आणि आयएसआय मार्क वायरवरच छापलेला असतो, सीएमएल नंबर (म्हणजे मार्कचा लायसन्स नंबर) सरकारी बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून लायसन्स खरं की खोटं ते बघता येतं. इलेक्ट्रिशियनचं वायरमनचं परमिट मागायला लाजू नका. आणि प्लास्टर व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचे टेप लावून फोटो काढून ठेवा, पुढे ड्रिल मारताना देवासारखे उपयोगी पडतात.

एसीवाला आला की "गॅस कमी झालाय, भरावा लागेल" हे ठरलेलं वाक्य. एसीचा गॅस वापरून संपत नाही, सिस्टीम बंद असते, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे. लीक कुठे ते दाखव, बंद कर, मग भर, एवढंच म्हणा.

गाडीचं बोलायचं तर तुर्भे, सानपाडा, तिकडे ठाण्यात वागळे इस्टेट, गॅरेजेस भरपूर आहेत आणि चांगली माणसंही आहेत. गाडी सोडताना जॉब कार्डवर, म्हणजे गॅरेजच्या कामाच्या यादीच्या कागदावर, फक्त ठरलेलं काम लिहून घ्या, वर "फोन केल्याशिवाय जास्तीचं काम करू नये" हे लिहा, मीटरचा फोटो काढा. काढलेले जुने पार्ट डिकीत ठेवायला सांगा, हे आधीच सांगितलं की न बदललेल्या पार्टचं बिल लावायची हिंमत होत नाही. ब्रेक पॅड गेले म्हणाला तर चाक काढून दाखव म्हणा, जाडी डोळ्यांना दिसते. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लिनिंग वगैरे सुचवलं तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये एवढ्या किलोमीटरला ते सांगितलंय का बघा. नवीन टायर घेताना तो कधी बनला ते बघायला साइडवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. आणि पावसात गाडी पाण्यात बुडून बंद पडली तर चुकूनही स्टार्ट मारू नका, इंजिनात पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांचं काम लाखावर जातं. टो करूनच न्या.

एवढं करूनही कोणी फसवलंच तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, नवी मुंबईकरांसाठी बेलापूरला कोकण भवनात. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, फक्त तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. मी पहिल्या वेळी ते करू शकलो नाही, कारण सगळे पैसे रोखीने दिले होते आणि एकही मेसेज नव्हता. म्हणून पैसे यूपीआयने द्या, आणि फोनवर जे ठरलं ते लगेच मेसेज करून टाका.