जुना फायर स्क्रीन घ्यायचाय? आधी पाय बघा, भरतकाम नंतर

इंग्लंडात जुन्या व्हिक्टोरियन घरात राहणाऱ्या आपल्या बऱ्याच जणांकडे हॉलमध्ये बंद पडलेलं फायरप्लेस असतं, आणि त्या काळ्या भोकापुढे काय ठेवायचं ते काही केल्या सुचत नाही. माझं मत विचाराल तर अँटिक फायर स्क्रीन, म्हणजे शेगडीपुढे उभा करायचा जुना आडोसा, ठेवा, पण घेताना डोळे उघडे ठेवा.

प्रकार मुख्यतः दोन. पोल स्क्रीन म्हणजे तीन पायांवर उभी दांडी आणि तिच्यावर वरखाली सरकणारं छोटं पॅनल, हे अठराव्या शतकात फार चालायचं. शेव्हल स्क्रीन म्हणजे दोन्ही बाजूंना पाय असलेली रुंद चौकट. धगीपासून चेहरा वाचवायला आणि उन्हाळ्यात रिकामी शेगडी झाकायला हे वापरायचे. बायकांचा मेणाचा मेकअप वितळू नये म्हणून स्क्रीन निघाले अशी गोष्ट दुकानदार हमखास ऐकवतात, छान आहे, हसून सोडून द्या, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

आता तपासणी. आधी तो जमिनीवर ठेवून बोटाने हलकंच ढकलून बघा, डुगडुगला तर उलटा करून पायांचे सांधे बघा, कारण दांडी उंच आणि पाय नाजूक असल्यामुळे सगळा ताण तिथेच येतो. मग दांडी आणि पाया यांचं लाकूड, रंग, झीज जुळते का ते बघा. पोल स्क्रीनच्या पायांवर गोल फळी बसवून छोटं टेबल करायची पद्धत होती, त्यामुळे सुटे भाग इकडचे तिकडे झालेले असतात, आणि दोन वेगळ्या वस्तू जोडून एक केलेल्याला तिथल्या धंद्यात 'मॅरेज' म्हणतात. ते घेऊ नये असं नाही हो, पण मग भाव पाडून मागायचा. लाकडात बारीक भोकं असतील तर एवढं घाबरू नका, खाली पांढरट ताजा भुसा पडत असेल तर मात्र किडा अजून जिवंत आहे.

भरतकाम असेल तर मागची बाजू बघायला मिळते का ते विचारा, पुढून उडालेला रंग मागे शाबूत असतो. एकोणिसाव्या शतकातलं लोकरीचं भरतकाम बहुतेक बर्लिन वूलवर्क असतं, नमुने चौकटीच्या कागदावर छापून यायचे आणि घरोघरी बायका टाके मोजून भरायच्या. त्यात झगझगीत जांभळा किंवा मॅजेंटा दिसला तर सहसा १८५६ नंतरचं समजा, त्या वर्षी लंडनमध्ये विल्यम पर्किनला डांबरातल्या रसायनांपासून जांभळा रंग सापडला आणि मग रासायनिक रंगांचा नुसता पूर आला. पितळी मोरपंखा छाप स्क्रीन असेल तर लोहचुंबक लावा, चिकटला तर आत लोखंड आणि वर नुसता मुलामा.

काचेमागे पेंढा भरलेले पक्षी असलेले स्क्रीनही मिळतात, मला स्वतःला ते बघवत नाहीत, पण घेतलेच तर काच उघडू नका, पक्षी टिकवायला तेव्हा आर्सेनिक वापरायचे.

घरी आणल्यावर थेट उन्हात ठेवू नका. भरतकामावर जाळी धरून व्हॅक्युम अगदी कमी स्पीडवर फिरवायचा, धुवायचं अजिबात नाही. लाकडावर बऱ्याचदा फ्रेंच पॉलिश असतं, म्हणजे आपल्याकडूनच गेलेली लाख, स्पिरिट लागलं की विरघळते आणि ओल्या कपाने पांढरे डाग पडतात, म्हणून कोरडं मऊ फडकं आणि क्वचित थोडं मेण, सिलिकॉनचे स्प्रे नकोत.

आणि शेगडी चालू असेल तर हा स्क्रीन लांब सरकवून ठेवा. रेशीम आणि लोकर ठिणगी अडवत नाहीत, त्यासाठी धातूच्या जाळीचा स्पार्क गार्ड वेगळा मिळतो, आणि घरात रांगतं पोर असेल तर भिंतीला अडकवायचा फायर गार्डच लावा.